चाळीस दिवसांचा उपवास, एका दिवसाचा सण

ईस्टरनंतरच्या सोमवारी सकाळच्या मिस्साला एकदा तरी जाऊन पाहावे. वेदीशेजारी पास्काची मेणबत्ती उभी असते. शनिवारी रात्री तिच्यावर कोरलेले नव्या वर्षाचे आकडे अजून ताजे असतात. फुलांचा वास चर्चमध्ये भरून राहिलेला असतो. बाकांवर मात्र रोजचीच दहा-बारा वृद्ध माणसे असतात. तीनच दिवसांपूर्वी, गुड फ्रायडेच्या भर दुपारी, याच वास्तूत पाय ठेवायला जागा नव्हती. पटांगणात मांडव घालावा लागला होता, उन्हात छत्र्या उघडून माणसे उभी होती आणि क्रूसाच्या चुंबनासाठीची रांग फाटकाबाहेर गेली होती. मरण पावलेल्या प्रभूपाशी एवढी गर्दी आणि उठलेल्या प्रभूपाशी एवढा शुकशुकाट, हे कसे?

‘सण आटोपला’, हे आपले ठरलेले उत्तर. मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे की हे उत्तर खोटे आहे. सण आटोपलेला नसतो, तो नुकताच सुरू झालेला असतो. तो आटोपला असे समजून आपण जे गमावतो, त्याची किंमत आपल्या घरांना आणि विशेषतः घरातल्या दुबळ्यांना मोजावी लागते. हा वाद उपासनेच्या पंचांगातील बारकाव्यांचा नाही. आपली श्रद्धा कबरीच्या अलीकडे थांबते की पलीकडे जाते, याचा हा वाद आहे.

प्रथम ख्रिस्तसभेचा हिशेब पाहू, कारण तो साधा आहे. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंतचे सहा रविवार वगळले की उपवासाचे चाळीस दिवस भरतात. ईस्टरच्या रविवारपासून पेंटेकॉस्टपर्यंत मोजले तर दिवस भरतात पन्नास. म्हणजे तयारीपेक्षा सण दहा दिवसांनी मोठा आहे. हे ओघाने झालेले नाही, जाणून घडवलेले आहे. १९६९ साली पोप सहावे पॉल यांनी उपासना वर्षाची जी नवी नियमावली मंजूर केली, तिच्यात हे पन्नास दिवस जणू एकच सणाचा दिवस, एकच ‘महारविवार’ म्हणून साजरे करावेत असे सांगितले आहे. ही कल्पनाही नवी नव्हती. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथनेशियस यांनी हाच शब्द वापरला होता. ३२५ साली भरलेल्या निकेया येथील परिषदेने तर असा नियम केला की रविवारी आणि पेंटेकॉस्टपर्यंतच्या या दिवसांत प्रार्थना करताना कोणी गुडघे टेकू नयेत, उभे राहूनच प्रार्थना करावी. ज्या परिषदेच्या श्रद्धांगीकाराशी आपला दर रविवारचा श्रद्धांगीकार जोडलेला आहे, तिलाच माणसे उभी राहतात की वाकतात याचीही काळजी वाटत होती. पुनरुत्थान झालेल्यांनी उभे राहावे, असा तिचा आग्रह होता.

हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी या दोन काळांचा अर्थ लावताना चाळीस दिवसांत या जगातील कष्टाची आणि पन्नास दिवसांत येणाऱ्या जीवनातील आनंदाची खूण पाहिली. आजही ईस्टरनंतरच्या आठ दिवसांपैकी प्रत्येक दिवस महासणाच्या दर्जाचा मानला जातो, त्यातला शुक्रवारसुद्धा. त्या शुक्रवारी मांस वर्ज्य नाही, हे आपल्यापैकी किती घरांना ठाऊक आहे? वर्षभराचे उपवासाचे नियम तोंडपाठ असलेल्या आपल्याला सणाचा हा एक नियम मात्र कोणी सांगितलेला नसतो!

आता आपला हिशेब पाहू. प्रायश्चित्तकाळ आला की धर्मग्राम जागे होते. तपसाधना होतात, बाहेरगावचे प्रवचनकार येतात, दर शुक्रवारी क्रूसाची वाट होते, वाडीवाडीत प्रार्थना होतात, यातनांची गीते बसवली जातात, दुःखसहनाची नाट्ये रंगतात. कुणी मांस सोडतो, कुणी दारू, कुणी चहातली साखर. दानपेट्या घरोघर पोचतात. हे सारे चांगलेच आहे. मग ईस्टरच्या रात्री मेणबत्त्या पेटतात, घंटा वाजतात, दुसऱ्या दिवशी घरी मटण शिजते, आणि सोमवारी सर्व काही थंडावते. गायकवृंद सुटीवर जातो. धर्मशिक्षणाचे वर्ग बंद होतात. सोडलेली दारू परत येते, आणि तीच तेवढी आपल्या पुनरुत्थानकाळाची ठळक खूण ठरते. पन्नास दिवसांसाठी खास असा एखादा तरी कार्यक्रम धर्मग्रामाच्या फलकावर दिसला, तर मला अवश्य कळवावे.

यात आम्ही लेखकमंडळीही निर्दोष नाही. आपल्या नियतकालिकांचा नाताळ विशेषांक ठरलेला, प्रायश्चित्तकाळात यातनांवरचे चिंतन ठरलेले. क्रूसावर मी स्वतः अर्धा डझन लेख लिहिले असतील. थोमावर, अम्माऊसच्या वाटेवर, सरोवराच्या काठी पेटलेल्या त्या निखाऱ्यांवर मी एकही ओळ लिहिलेली नाही. दुःखावर लिहिणे सोपे असते आणि त्याला वाचकही मिळतो.

या म्हणण्यावर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. एप्रिल-मे हे लग्नसराईचे आणि सुट्ट्यांचे महिने. घाम गाळणारा उन्हाळा, मुले मामाच्या गावाला, पावसापूर्वीची घरदुरुस्तीची घाई. माणसांनी चर्चमध्ये यावे तरी कधी? मला हा आक्षेप उलटा वाटतो. लग्न, पाहुणे, आंबे, मोकळी मुले, अंगणात रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गप्पा, हे सणाचे अडथळे कधीपासून झाले? वर्षातील सर्वांत मोठा सण ख्रिस्तसभेने आपल्या पंक्तीच्या दिवसांत आणून ठेवला आहे आणि आपण म्हणतो की जेवायला वेळ नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो मी आदराने ऐकतो. तो असा: ‘गरिबाला, आजाऱ्याला, विधवेला गुड फ्रायडे जवळचा वाटतो. त्यांना क्रूसावरच्या प्रभूत आपला सोबती दिसतो. त्यांना आनंदाचे धडे देणारे तुम्ही कोण?’ हे खरे आहे. माझी आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या उशाशी क्रूसच होता, दुसरे काही नव्हते. परंतु ज्यांनी पुनरुत्थानकाळाची शुभवर्तमाने नीट ऐकली आहेत, त्यांच्या ध्यानात येईल की तिथे जल्लोष कुठेच नाही. मग्दालेची मरिया रडत आहे. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे खिन्न मनाने गाव सोडून चालले आहेत. थोमा हट्टाने नाही म्हणतो. पेत्र पुन्हा जाळी घेऊन निघाला आहे आणि रात्रभर त्याला एक मासळी मिळालेली नाही. बंद दारांआड भ्यालेली माणसे बसली आहेत. प्रभू येतो तो या माणसांकडे. आणि त्याच्या हातापायांवरचे, कुशीतले घाव बुजलेले नसतात, तो ते दाखवतो. ईस्टर म्हणजे जखम पुसून टाकणारा सण आहे असे समजणाऱ्याने थोमाची कथा ऐकलेलीच नाही. दुःखी माणसाला गुड फ्रायडेला सोबती मिळतो हे खरे. पण त्या सोबत्याचे पुढे काय झाले, हे त्याला सांगायचेच नाही का? कथेचा शेवट लपवून ठेवणे ही सहानुभूती नव्हे.

आणि इथेच माझ्या तक्रारीचे मूळ आहे. कथेचा शेवट लपवला की क्रूसाचाही अर्थ बिघडतो.

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. प्रायश्चित्तकाळातील एका तपसाधनेनंतर एक बाई प्रवचनकारांना भेटण्यासाठी थांबली होती. नवरा पितो, मारतो, मुलांच्या फीचे पैसे उडवतो, असे ती दबक्या आवाजात सांगत होती. तिला उत्तर मिळाले, “बाई, हा तुझा क्रूस आहे. प्रभूने तर याहून मोठा वाहिला.” ती मान हलवून निघून गेली. सांगणारा माणूस दुष्ट नव्हता. तो थकलेला होता, आणि त्याच्यापाशी तेवढेच वाक्य होते. ते वाक्य त्याला आपणच शिकवले आहे. सुनेला, मोलकरणीला, मतिमंद मुलाच्या आईला, घरात राबणाऱ्या अविवाहित बहिणीला आपण हेच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकवत आलो आहोत. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, हे वाक्य नेहमी वरून खाली जाते. मारणाऱ्या नवऱ्याला ‘राग आवरणे हा तुझा क्रूस आहे’ असे कुणी सांगितल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

प्रभूने आपला क्रूस स्वतःहून स्वीकारला, तो दुसऱ्याच्या खांद्यावर लादला नाही. उलट क्रूसाच्या वाटेतील पाचव्या स्थानी आपण काय पाहतो? सिमोन कुरेनेकर त्याचे ओझे आपल्या खांद्यावर घेतो. दर शुक्रवारी त्या चित्रापुढे गुडघे टेकणाऱ्या धर्मग्रामाने त्या बाईला ‘वाहा’ असे सांगावे, की तिचे ओझे धरायला पुढे व्हावे? पुनरुत्थानकाळात पहिले वाचन प्रेषितांच्या कृत्यांतून होते. त्यात पेत्र जेरुसलेमच्या लोकांपुढे जे पुन्हापुन्हा बोलतो त्याचा आशय एकच आहे: तुम्ही ज्याला दोषी ठरवून मारलेत, त्याला देवाने उठवले. याचा अर्थ पुनरुत्थान हा देवाचा निवाडा आहे. माणसांनी दिलेला निकाल देवाने तिसऱ्या दिवशी फिरवला. क्रूसावर खिळणाऱ्यांच्या बाजूने देव बोलला नाही. हे ज्याने पन्नास दिवस ऐकले आहे, त्याच्या तोंडून मार खाणाऱ्या बाईला ‘सहन कर’ हा एकच शब्द निघणार नाही. तो तिला घेऊन उठेल, चारचौघांना गोळा करील, तिच्या दारात जाऊन उभा राहील.

दुसरी किंमत आपण मरणाच्या वेळी मोजतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात स्पष्ट सांगितले की अंत्यविधीतून ख्रिस्ती मरणाचे पास्कास्वरूप अधिक ठळकपणे प्रकट व्हावे. पुढे १९८८ साली रोमहून आलेल्या पास्कासणाविषयीच्या परिपत्रकात, पेंटेकॉस्टनंतर पास्काची मेणबत्ती स्नानसंस्काराच्या कुंडाजवळ जपून ठेवावी, स्नानसंस्काराच्या वेळी नवख्रिस्तीजनांच्या मेणबत्त्या तिच्यावर पेटवाव्यात आणि अंत्यविधीत ती शवपेटीजवळ ठेवावी, असे सांगितले आहे. किती सुंदर योजना! ज्या ज्योतीने आयुष्याची सुरुवात झाली, त्याच ज्योतीपाशी त्याचा निरोप. आपल्याकडे मात्र कित्येकदा ती मेणबत्ती साक्रिस्तीच्या कपाटाआड उभी असते आणि शवपेटीजवळ साध्या दोन मेणबत्त्या जळतात. भाषणे होतात, गेलेल्याचे गुण सांगितले जातात, त्याच्या वेदनांचे वर्णन होते. पुनरुत्थान हा शब्द पुस्तकातील प्रार्थनेत तेवढा येतो. ज्या समाजाने ईस्टर एका दिवसात उरकला, त्याला दफनभूमीच्या दारात उभे राहून आणखी काय सुचणार?

गैरसमज नको म्हणून सांगतो, प्रायश्चित्तकाळ कमी करा असे मी म्हणत नाही. उपवास करावा, क्रूसाची वाट चालावी. परंतु वाट म्हटली की ती कुठेतरी पोचायला हवी. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली या भक्तीची स्थाने चौदा अशी निश्चित केली आणि चौदावे स्थान आहे कबर. तिथून मागे फिरून घरी येणे ही आपली सवय झाली आहे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय घरी शांतपणे वाचून पाहावा. ख्रिस्त उठला नसेल तर आपला सारा विश्वास पोकळ ठरतो, इतक्या टोकाला जाऊन तो बोलतो. त्याला उपदेशक म्हणून आज आपल्या तपसाधनेला बोलावले, तर तो कबरीपाशी थांबायला तयार होईल असे मला वाटत नाही.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्या मराठी ग्रंथातील ख्रिस्तकथा यातनांपाशी थांबत नाही, ती पुनरुत्थानापर्यंत जाते. पण त्याहून मोठा पुरावा आपल्या रस्त्यांवर उभा आहे. वसई असो, मुंबईची जुनी गावठाणे असोत की गोवा, मे महिन्यात गावोगावचे क्रूस धुऊन रंगवले जातात, त्यांना फुलांच्या माळा घातल्या जातात, दिवे लावले जातात. संध्याकाळी शेजारीपाजारी जमून जपमाळ म्हणतात, लदीन गातात, शेवटी उकडलेले चणे वाटतात. तीन मे रोजी पूर्वी पवित्र क्रूस सापडल्याचा सण असे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६० साली तो सार्वत्रिक पंचांगातून काढला, तरी लोकांनी आपले मे महिन्यातले क्रूस सोडले नाहीत. आता थोडे गणित करू. ईस्टर लवकरात लवकर येतो २२ मार्चला आणि उशिरात उशिरा २५ एप्रिलला. म्हणजे तीन मे ही तारीख कोणत्याही वर्षी या पन्नास दिवसांतच पडते, ती कधीही बाहेर जात नाही.

त्या क्रूसाकडे एकदा नीट पाहा. त्यावर बहुधा मूर्ती नसते. तो रिकामा असतो आणि झेंडूच्या माळांनी झाकलेला असतो. गुड फ्रायडेचा क्रूस असा नसतो. हा पुनरुत्थानाचा क्रूस आहे. ज्यांना निकेयाचे नावही ठाऊक नव्हते त्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी महारविवार कसा साजरा करायचा हे आपल्या हातांनी शोधून काढले. प्रार्थनेनंतर चणे वाटून त्याला पंगतीचेही रूप दिले. आपण सुशिक्षित झालो, आणि त्याला गावचा जुना रिवाज म्हणून वेगळे काढले. धर्मगुरूही पुष्कळदा त्याकडे कौतुकाने पाहतात आणि निघून जातात. त्यांनी त्या क्रूसापाशी दहा मिनिटे थांबून, हा ईस्टरचा क्रूस आहे एवढे जरी सांगितले, तरी निम्मे काम होईल.

उरलेले काम फार खर्चाचे नाही. पन्नास दिवस घरच्या जेवणाच्या मेजावर एक मेणबत्ती लावावी आणि ती सर्वांत लहान मुलाने पेटवावी. दुपारच्या देवदूताच्या प्रार्थनेऐवजी या काळात स्वर्गराणीची प्रार्थना म्हणतात, आणि ती उभे राहून म्हणतात. ती मुलांना शिकवावी. घर आशीर्वादित करून घेण्याची चाल जिथे आहे तिथे हा आशीर्वाद ईस्टरपूर्वी नव्हे, ईस्टरनंतर द्यावा, असे त्याच १९८८ सालच्या परिपत्रकात म्हटले आहे. धर्मगुरूंनी घरोघर फिरण्यासाठी याहून चांगले निमित्त कोणते? शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला जी पावले आली, त्यांना पुनरुत्थित प्रभूच्या दर्शनांची ‘प्रकाशाची वाट’ चालता येईल. २००१ सालच्या लोकभक्तीविषयक रोमच्या मार्गदर्शिकेत या भक्तीची शिफारस आहे. गायकवृंदाने ईस्टरनंतर नव्हे, पेंटेकॉस्टनंतर सुट्टी घ्यावी. तोवर मृगाचा पाऊस दाराशी आलेला असतो, आणि ज्याला त्याला शेताची ओढ लागलेली असते. दफनविधीच्या वेळी पास्काची मेणबत्ती कपाटाबाहेर काढावी. धर्मगुरूंना आठवण राहिली नाही, तर मृताच्या मुलाने ती मागावी. मागण्याचा त्याला हक्क आहे.

आणि ती बाई? प्रायश्चित्तकाळात जमवलेल्या दानातून तिच्या मुलांची फी भरता येईल. क्रूसाच्या वाटेवर खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन चालणारे चार बळकट पुरुष प्रत्येक धर्मग्रामात असतात. ईस्टरनंतरच्या एखाद्या संध्याकाळी त्यांनी तिच्या घरी जावे, नवऱ्याशेजारी बसावे आणि त्याला स्पष्ट सांगावे की यापुढे हात उचलशील तर आम्ही हिच्या बाजूने उभे आहोत. गरज पडली तर तिला पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करावी. यापेक्षा ईस्टरचे मोठे प्रवचन मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी गुड फ्रायडेला आपण सर्वजण येणारच आहोत, त्याची मला चिंता नाही. मी वाट पाहीन ती सोमवारी सकाळी, त्या मेणबत्तीपाशी.